पुरात बुडालेलं बी-275 चं इंजिन घरी उघडतोय, कुठपर्यंत हात घालावा?

भिलवडीकर (धागाकर्ता)

मंडळी, जरा सल्ला हवाय. घरचा महिंद्रा बी-275 ट्रॅक्टर आहे, आजोबांनी 1979 साली घेतलेला. 2019 च्या महापुरात शेडमध्ये बॉनेटच्या वर पाणी होतं. माणसं आणि जनावरं बाहेर काढण्यातच सगळी धावपळ झाली, ट्रॅक्टरकडं बघायला कुणाला सवड नव्हती. पाणी ओसरल्यावर ऑइल चेंबरचा नट सोडला तर आधी बराच वेळ नुसतं पाणी, मग दुधाळ ऑइल. वडिलांनी नवं ऑइल भरलं, ताडपत्री टाकली, आणि तो तिथंच राहिला.

आता इंजिन पूर्ण जाम आहे. फॅनला धरून हलत नाही, स्टार्टर नुसता टक्क करतो. एअर क्लीनरच्या वाटीत कृष्णेचा काळा गाळ घट्ट बसलाय. घरात दुसरा ट्रॅक्टर आहे, त्यामुळं घाई नाही. ह्याला फवारणीचा ब्लोअर आणि रिकामी ट्रॉली एवढंच काम द्यायचंय.

मी मेकॅनिक नाही, पण मोटरसायकलची इंजिनं उघडून बसवली आहेत. सॉकेट सेट, चेन ब्लॉक आणि शेडला भक्कम तुळई आहे. टॉर्क पाना घ्यायची तयारी आहे. विचारायचं एवढंच, की घरी काय करावं आणि बाहेर काय द्यावं? भावकीतला एकजण म्हणतोय, दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून तिसऱ्या गिअरमध्ये ओढ, सुटेल आपोआप.

ऊसवाला_वाळवा

भावा, राग मानू नको, पण भंगारात घाल. जेवढा पैसा घालशील तेवढ्यात चालू कंडिशनचा जुना मिळतो.

कुपवाडचा_फिटर

भंगारात घालायचं का नाही ते त्यांच्या घरचं ते बघतील. पण ओढून चालू करायचं डोक्यातून काढा, आत्ताच्या आत्ता.

का ते सांगतो. ह्या इंजिनचं नाव बीडी-144, म्हणजे चार सिलिंडर मिळून 144 घनइंच, साधारण 2.3 लिटर. एका सिलिंडरच्या वाट्याला सहाशे मिलीच्या आत. डिझेलचं कॉम्प्रेशन वीसएक पट धरलं तर पिस्टन वर आल्यावर हेडखाली उरते ती जागा तीसेक मिलीची, चहाच्या कटिंगच्या अर्ध्याएवढी. तेवढं पाणी आत असेल तर पिस्टनला वर जायला वाट नाही, कारण पाणी दबत नाही. पुढून ट्रॅक्टर ओढतोय, चाकं फिरवतायत, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आणि पाणी नसून गंज असेल तर पिस्टनच्या रिंगा तुटून लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, ओरबाडतात. दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

आधी गिअर न्यूट्रलला आहे का आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली नाही ना ते बघा. मग चारही नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते, काढा. भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं ऑइल निम्मं निम्मं करून सोडा आणि विसरून जा. रोज थोडं थोडं टाकत राहा. पूर्वी रॉकेल वापरायचो, ते आता मिळतं कुठं.

नाद_खुळा_पलूस

काका, आमच्याकडं 2005 च्या पुरानंतर ओढूनच चालू केलेला. अजून चालतोय.

कुपवाडचा_फिटर

पुरानंतर आठवड्याभरात ओढला असणार, आणि नशिबानं आत पाणी नसणार. हा कित्येक वर्षं उभा आहे. दोन्ही गोष्टी एक नाहीत.

भिलवडीकर

काकांच्या सांगण्याप्रमाणं नोझल काढले. 3 आणि 4 नंबरमधून तांबडं पाणी वर आलं, 1 आणि 2 मध्ये काहीच नाही. मिश्रण घालून ठेवलंय. असं का होतं? एकाच इंजिनात दोन बुडाले आणि दोन कोरडे?

कुपवाडचा_फिटर

व्हॉल्व्हमुळं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2 आहे. इंजिन थांबलं तेव्हा 1 नंबर कॉम्प्रेशनवर वर जात असणार. मग 2 नुकताच फायर होऊन खाली निघालेला. ह्या दोघांचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. 3 इनटेकवर, त्याचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा. 4 एक्झॉस्टवर, त्याचा एक्झॉस्ट उघडा. मॅनिफोल्डमधून पाणी शिरलं ते उघड्या दारातून. तुमचं इंजिन कुठं थांबलं होतं ते तुम्ही न सांगताच कळलं बघा.

मायक्रॉन_मिरज

काका, हे भारीच.

भिलवडीकर दादा, मी मिरज एमआयडीसीत क्वालिटीला आहे, मोजमापाचं काही अडलं तर विचारा. हेड काढल्याशिवाय आता पुढं जाता येणार नाही असं वाटतंय. हेड काढताना बोल्ट एकदम सोडू नका, कडेकडून मधे थोडे थोडे सैल करत या. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून खोचून ठेवा. पुठ्ठ्यावर पुढची बाजू कुठली ते लिहा.

भिलवडीकर

हेड निघालं. 3 मध्ये पिस्टनच्या वर भिंतीला सगळीकडून एक गंजाची रेघ आहे, जिथं पाणी साचून होतं तिथं. नख अडकतं. 4 नंबर त्याहून वाईट, व्हॉल्व्ह सीटलाही खड्डे. 1 आणि 2 मध्ये होनिंगच्या (भिंत दगडानं घासण्याच्या) जुन्या रेघोट्या अंधुक दिसतात, म्हणजे मधे कधीतरी काम झालं असणार.

पिस्टन अजून हलत नाहीत. वरून लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारला तर चालेल का?

कुपवाडचा_फिटर

चालेल, पण कुठल्या पिस्टनवर ते बघून. अगदी वरच्या टोकाला असलेल्या पिस्टनवर कितीही ठोकलं तरी जोर सरळ क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, जातो, फिरत काहीच नाही. मधल्या उंचीवर असलेला घ्या. ठोकळा बाभळीचा, पिस्टनच्या जवळजवळ रुंदीचा. लोखंडी काही थेट लावू नका. त्याच वेळी स्टार्टर काढून त्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरला पहारीनं दोन्ही दिशांना जरा जरा दाब द्यायला दुसरा माणूस हवा. खाली, वर, खाली. अर्धा मिलिमीटर हलला की तेल घाला आणि त्या दिवशी बंद करा.

नाद_खुळा_पलूस

मी येतो पहार घ्यायला. जेवण काय हाय ते आधी सांगा.

भिलवडीकर

सुटलं! पहार धरायला पलूसकर आले होते, मटण त्यांनी वसूल केलं. पिस्टन 4 च्या रिंगा खोबणीतच गंजून बसल्यात, त्या तुकड्यातुकड्यानंच निघाल्या. बाकी चेंबर खोलून रॉड काढले. रॉडच्या कॅपांवर आधीच्या कुणीतरी सेंटर पंचनं ठिपके मारून ठेवले होते, देव त्याचं भलं करो. नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत वेगवेगळे ठेवलेत.

आता लायनरचं काय? गावात म्हणतायत 3 आणि 4 बदल, बाकीच्यांना हात लावू नको. दुकानदार म्हणतो चार लायनर, चार पिस्टन, अख्खा किट घे.

मायक्रॉन_मिरज

दुकानदार किटच विकणार हो :) आधी मोजा, मग ठरवा.

बोअर गेज मिळालं तर उत्तम, नसेल तर टेलिस्कोपिक गेज आणि बाहेरचा मायक्रोमीटर. प्रत्येक लायनर तीन उंचीवर मोजायचा. वरची रिंग जिथून परत फिरते तिथं, मधे, आणि खाली. प्रत्येक उंचीवर दोन वेळा, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा त्याला काटकोनात. झीज सगळ्यात जास्त असते ती वर, काटकोनाच्या दिशेला, कारण तिथं तेल कमी, उष्णता जास्त आणि रॉड तिरका असल्यानं पिस्टन त्याच बाजूला रेटला जातो. अगदी खाली रिंग पोचतच नाही, त्यामुळं तिथलं माप म्हणजे मूळ साईज. वरच्या मापातून ते वजा केलं की झीज मिळाली. सकाळी गार वेळेला मोजा, उन्हात तापलेल्या ब्लॉकवर नको.

दुसरी सोपी चाचणी. नवी रिंग लायनरमध्ये घालून पिस्टननं सरळ खाली ढकला, टोकांमधली फट फीलर गेजनं बघा. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 3.375 इंच आहे. डिझेलला इंचामागं तीन-चार हजारांश इंच फट धरतात, म्हणजे इथं साधारण 0.25 ते 0.35 मिमी. त्याच रिंगची फट वर खूप मोठी आणि खाली बरोबर आली, तर लायनर वर फुगलाय हे वेगळं सांगायला नको.

भिलवडीकर

ताई, 1 आणि 2 मध्ये झीज किरकोळ निघाली. तुमच्या पद्धतीनं रिंगची फट वरखाली जवळपास सारखीच. 3 आणि 4 बादच आहेत, होनिंगनं तो खड्डा जाणार नाही.

कुपवाडचा_फिटर

मग माझं मत सांगतो, काहींना पटणार नाही. ज्याला हंगामभर ऊस ओढायचाय त्यानं चारही बदलावे, परत उघडायला त्याला वेळ नसतो. तुम्हाला ब्लोअर चालवायचाय. 3 आणि 4 ला नवे लायनर-पिस्टन, 1 आणि 2 ला हलकं होनिंग मारून नव्या रिंगा. फक्त नवे पिस्टन जुन्यांच्या वजनाशी ताडून घ्या, किराणा दुकानातला डिजिटल काटा चालतो.

लायनर काढायला प्रेस नसेल तर जुनी युक्ती आहे. लायनरच्या आतल्या बाजूनं वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची एक सरळ रेघ ओढायची. गार होताना लायनर आकसतो आणि खालून ठोकला की निघतो. ब्लॉकला ठिणगी लागू देऊ नका आणि लायनर खरंच बाद असेल तरच करा, कारण परतीचा रस्ता नाही. नवा लायनर घेताना सेमीफिनिश घेतलात तर बसवल्यावर बोअरिंग करावंच लागतं.

ऊसवाला_वाळवा

अजून सांगतो, जुना ब्लॉक बघा. आमच्या इथं एक पडून आहे, घेऊन जा म्हणतील.

मायक्रॉन_मिरज

ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि तो आरसी बुकावर आहे. आरटीओत नोंद केल्याशिवाय ते अंगाशी येतं, विशेषतः रस्त्यावर ट्रॉली घेऊन जाणार असाल तर. आहे तो ब्लॉक चांगला असताना ती कटकट कशाला?

भिलवडीकर

ब्लॉक तोच ठेवतोय. क्रँक कुठं द्यावा? एका जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागावर, गंजाचे ठिपके आहेत.

सातारारोडचा

कोल्हापूरला उद्यमनगरात घेऊन जा. ग्राइंडिंगवाले तिथं रांगेनं आहेत. आमच्याकडं सातारारोडला कूपरची डिझेल इंजिनं बनायची तेव्हापासूनचे जुने कारागीरही उद्यमनगरचंच नाव घेतात.

पण एक अनुभव. माझा क्रँक एका ठिकाणी (नाव घेत नाही) ग्राइंड करून आणला. चकचकीत, मापात एकदम बरोबर. बसवला, आणि पहिल्याच मशागतीत बेअरिंग गेलं. उघडलं तर क्रँकच्या आतल्या ऑइलच्या वाटांत ग्राइंडिंगचा चिखल. त्यांनी धुतलंच नव्हतं.

कुपवाडचा_फिटर

हा मुद्दा सोन्याचा आहे. तुमच्या क्रँकमध्ये तर ग्राइंडिंगच्या आधीच कृष्णेचा गाळ असणार. ऑइल गॅलरीचे, म्हणजे त्या आतल्या वाटांचे, प्लग काढायला लावा, ब्लॉकचेही. बाटली धुवायचा बारीक ब्रश घेऊन डिझेलनं घासा, मग कॉम्प्रेसरची हवा. एका भोकातून मारलेली हवा दुसऱ्या भोकातून येते का ते बोट लावून बघा. पांढरं फडकं ओढून काळं निघत असेल तर परत. नंतर प्लग नवे आणि पक्के.

ग्राइंडरला दोन गोष्टी सांगा. साईज दहा, वीस, तीस अशा पायरीनंच, म्हणजे 0.010 इंचाच्या टप्प्यानं, कारण बेअरिंग तसेच मिळतात. आधी बेअरिंग सेट हातात घ्या, मग ग्राइंड करा. आणि जर्नलच्या कडेची गोलाई राखायला सांगा. तिथं चौकोनी कोपरा राहिला की क्रँक तिथूनच तडकतो, आज नाही तर वर्षानं.

मायक्रॉन_मिरज

आणून मोजा. प्लास्टिगेजची (फट मोजायची मऊ प्लास्टिकची) दोरी बेअरिंगवर ठेवून कॅप टॉर्कनं आवळा, परत उघडा, चपटी झालेली रुंदी पट्टीशी ताडा. व्यासाच्या इंचामागं एक हजारांश इंच फट, एवढा ढोबळ हिशोब लक्षात ठेवा. मधे क्रँक फिरवू नका, दोरी पुसली जाते. टॉर्कचा आकडा मात्र मॅन्युअलमधलाच घ्या. इथं कुणी आठवून सांगितला तर ऐकू नका, मी सांगितला तरी.

नाद_खुळा_पलूस

डिझेल पंप घरीच खोलूया का? व्हिडिओ बघितलाय मी.

कुपवाडचा_फिटर

हात जोडतो. नको.

पंप मायकोचा इनलाइन आहे ना? त्यात प्लंजर आणि बॅरलची जोडी मायक्रॉनमध्ये घासून जुळवलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्यात चालत नाही. ह्या पंपाच्या पोटात स्वतःचं ऑइल असतं, तिथंही पुराचं पाणी गेलंच असणार. तेवढं नुकसान परवडलं, पण खरी भीती रॅकची. डिझेल कमी-जास्त करणारा तो दांडा गंजून पुऱ्या डिझेलवर अडकला, तर इंजिन चालू होताच पळतं, आणि ॲक्सिलेटर मागं घेऊन थांबत नाही. पंप आणि नोझल पंपवाल्याच्या तपासणी बेंचवर जाऊ द्या. चारही प्लंजरचं डिझेल सारखं येतंय का हे बेंचशिवाय कळत नाही. नोझलचा फवाराही घरी हात पुढं करून बघू नका, तो कातडीतून आत घुसतो आणि बोट कापायची वेळ येते.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता एका ओळीत. खोलणं, धुणं, मोजणं, व्हॉल्व्ह घासणं, जोडणं घरी. बोअरिंग, क्रँक, पंप, नोझल बाहेर.

भिलवडीकर

बरेच दिवस गायब होतो, ऊस तुटून गेला. आता सगळं परत आलंय आणि जोडणी चालू आहे. व्हॉल्व्ह वडिलांनी घासले, बसल्या बसल्या दोन्ही तळव्यांत काठी फिरवत, रवी घुसळल्यासारखं. सगळे व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये डिझेल ओतून ठेवलं. एका एक्झॉस्टमधून ओल उतरत होती, तो परत घासला. आता एकही थेंब नाही. हेडची पातळी सरळपट्टी आणि फीलरनं तपासली, 0.05 मिमीची पातही कुठं शिरत नाही.

पहिल्या स्टार्टच्या आधी काय काय?

कुपवाडचा_फिटर

वडिलांना नमस्कार सांगा.

1 नंबर टॉपला घेऊन पंपाचं टायमिंग पंचच्या खुणांवर आहे का ते परत एकदा बघा. एअर क्लीनरची वाटी धुवून खुणेपर्यंतच ऑइल, वर नाही. जास्त भरलं तर इंजिन तेच ओढून घेतं आणि त्यावर पळतं. स्टॉपची दांडी ओढलेली ठेवून स्टार्टरनं मारत राहा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. स्टार्टरला मधे विश्रांती द्या. मग डिझेलची हवा काढा, आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट.

आणि एक माणूस फक्त एका कामाला. हातात सपाट फळी. इंजिन पळालं तर एअर इनटेकच्या तोंडावर फळी दाबायची, बस. फडकं नको, ते आत ओढलं जातं. तळहात तर अजिबात नको.

नाद_खुळा_पलूस

फळी माझ्याकडं.

भिलवडीकर

चालू झाला. आधी पांढरा धूर, मग खोकत खोकत चारही लागले. फळीची गरज पडली नाही, पलूसकर ती धरून शेवटपर्यंत उभेच. ब्रिदरला (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला) कागद धरून बघितलं, किंचित फडफडतो. आई म्हणाली, आवाज तोच हाय.

आता हळू रेसवर तासभर ठेवू का, रिंगा बसायला?

कुपवाडचा_फिटर

उलट करा. रिकामा आणि हळू ठेवलात तर रिंगांच्या मागं दाबच येत नाही. लायनरला काच चढते, म्हणजे भिंत गुळगुळीत होते, आणि मग जन्मभर ऑइल पितो. गरम झाला की मध्यम लोड द्या, रिकामी ट्रॉली, चढ-उतार, रेस वरखाली. पूर्ण लोड नको. गार झाल्यावर हेड परत आवळा, मधून बाहेर, मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) परत सेट. ऑइल साधं मिनरल 20डब्ल्यू-40 घाला, सिंथेटिकच्या नादी लागू नका. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक, सगळ्याचं ऑइल काढून बघा. पाणी फक्त इंजिनातच शिरलं असं थोडंच आहे.

मायक्रॉन_मिरज

काढलेला फिल्टर फेकू नका. कापून कागदाच्या घड्या उन्हात धरा. चांदीसारखी चकाकी दिसली तर बेअरिंग खातंय.

भिलवडीकर

गिअरबॉक्समधून दोन मग पाणी निघालं! बरं झालं सांगितलंत. पन्नास तास भरले, फिल्टर कापला. चकाकी नाही, थोडा काळा गाळ आहे, गॅलरीत कुठंतरी उरलेला असणार. नवं ऑइल भरलं. ते अर्ध्या हंगामातच परत बदलणार.

ऊसवाला_वाळवा

बरं, मी बोललो ते मागं घेतो. माझ्या मॅसीचं लिफ्ट वर राहत नाही, ह्यावर कुणी सांगेल का?

कुपवाडचा_फिटर

वेगळा धागा काढा. आणि त्यात आधी लिहा, लोड असताना खाली येते का रिकामी असतानाही.